प्राध्यापकांनी ई-मेल शिकायचा म्हणजे नेमके काय शिकायचे?

आपल्या शाळेतून बारावी होऊन मुले इंदूर, उज्जैन, भोपाळ, पुणे अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत जातात. पहिल्या सहामाहीतच घरी तक्रार येते, "वर्गात शंभर मुलं असतात, सरांना काही विचारायला वेळच मिळत नाही." पालकसभेत हा विषय निघाला की कोणीतरी सुचवते, सरांनी व्हॉट्सॲपचा गट काढावा. गट निघतोही. दोन दिवस त्यावर शंका येतात, तिसऱ्या दिवसापासून 'सुप्रभात' येऊ लागते आणि एखाद्या मुलीने विचारलेली खरी शंका वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

या लेखात एका जुन्या साधनाची, म्हणजे ई-मेलची, बाजू मांडायची आहे. पण साधनापेक्षाही ते हाती घेणाऱ्या शिक्षकाच्या प्रशिक्षणाविषयी जास्त लिहायचे आहे. आपल्या वाचकांत पालक आहेत, विश्वस्त आहेत, आणि पालकांपैकी काही जण स्वतः महाविद्यालयांत शिकवतात. संगणक घेण्यासाठी देणग्या गोळा करणे आपल्या संस्थांना चांगले जमते. शिकवणाऱ्याला शिकवण्याचे काम मात्र बहुतेक ठिकाणी एका दुपारी उरकले जाते.

अशी एक दुपार मी जवळून पाहिली आहे. सभागृहात साठ प्राध्यापक, समोर एक प्रोजेक्टर. पहिला तास खाते उघडण्यात गेला, दुसरा विसरलेले पासवर्ड पुन्हा मिळवण्यात. मग चहा-पोहे, फाईल जोडून पाठवण्याचे प्रात्यक्षिक, प्रमाणपत्रे आणि फोटो. दुसऱ्या दिवसापासून प्राध्यापकांनी ई-मेल वापरला, नाही असे नाही. पण तो प्राचार्यांची परिपत्रके वाचण्यासाठी. शिकवण्यात कुठे काही बदलले नाही. कारण त्या दुपारी पत्र पेटीत कसे टाकायचे एवढेच शिकवले होते. विद्यार्थ्याला काय लिहायचे आणि त्याचे उत्तर आले की त्याचे काय करायचे, हा विषयच निघाला नव्हता.

महाविद्यालयातच जन्मलेले साधन

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना ई-मेल हे नोकरदारांचे, कचेरीचे साधन वाटते. भारतात मात्र ते आधी शिक्षणसंस्थांत आले. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' नावाचे जाळे उभारायला घेतले. त्यात दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि स्वतः तो विभाग, असे आठ सहभागी होते. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सेवा खुली केली तेव्हा. म्हणजे जवळजवळ आठ-नऊ वर्षे ई-मेल ही मुख्यतः प्राध्यापक-संशोधकांचीच वस्तू होती.

त्या काळी दोन संगणक सतत जोडलेले नसत. एक संगणक ठरावीक वेळी दुसऱ्याला साध्या टेलिफोनवरून फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायचा, तिकडची घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. तुमच्या आजोबांनी रेल्वेच्या डाकडब्यात पत्रांची छाटणी होताना पाहिली असेल, थोडेफार तसेच. घेणारा जागा असो वा नसो, पत्र येऊन थांबे. आज सगळे क्षणात होते, पण ई-मेलचा स्वभाव तोच राहिला आहे. पाठवणारा आपल्या सवडीने लिहितो, वाचणारा आपल्या सवडीने वाचतो.

गंमत अशी की ज्यांना हे साधन सर्वांआधी मिळाले त्यांनी ते वापरले एकमेकांना शोधनिबंध पाठवायला. आपल्याच वर्गातल्या मुलांशी बोलायला ते वापरावे, ही कल्पना फार उशिरा आली. ती पुरती रुजण्याआधीच मोबाईल आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा प्राध्यापकांनी हाताला लागेल ते उचलले, आणि हाताला मोबाईल होता. त्या दिवसांत त्यांनी जे केले त्याचे कौतुकच करायला हवे. पण घाईत लागलेली सवय आता पद्धत होऊन बसली आहे.

मोबाईलवरचा गट का पुरत नाही?

एक कारण अगदी घरगुती आहे. पुष्कळ घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, फोन सामाईक असतो. संध्याकाळी वडील घरी आले की फोन मिळतो, किंवा भावाचा झाला की मिळतो. व्हॉट्सॲप एका नंबराला बांधलेले असते. ई-मेल तसा नाही. वाचनालयातल्या, महाविद्यालयातल्या, मावशीकडच्या कोणत्याही संगणकावर तो उघडता येतो. काम झाले की आठवणीने बाहेर पडायचे, एवढेच. शिवाय गटात सामील झाले की शंभर अनोळखी माणसांना आपला नंबर दिसतो. मुलींच्या पालकांना हे का खटकते, ते वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण शिकण्याशी निगडित आहे. गटावर विचारले की सगळ्यांसमोर विचारावे लागते. वर्गात हात वर न करणारा मुलगा तिथेही गप्पच बसतो. ई-मेलमध्ये तो एकटा असतो आणि शंका लिहायला त्याला चार ओळी जुळवाव्या लागतात. त्या चार ओळी लिहिता लिहिताच कधीकधी अर्धे उत्तर त्याचे त्याला सापडते.

एक उदाहरण घेऊ. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी लिहितो, "सर, मागणीचा धडा समजला नाही." अशा पत्राला प्राध्यापक दोन प्रकारे उत्तर देतात. एक, "उद्या येऊन भेट." दुसरे, धड्याची तीन पानी टिपणे जोडून पाठवतात. दोन्हींत विद्यार्थ्याचे नेमके काय अडले ते कळतच नाही. प्रशिक्षण मिळालेला प्राध्यापक उलट एक छोटा प्रश्न पाठवील: "कांदा स्वस्त झाला म्हणून तुमच्या आईने एक किलोऐवजी दोन किलो घेतला. घरी लग्न निघाले म्हणून त्याच भावाने दहा किलो घेतला. या दोन्हींत फरक आहे का? तुझ्या शब्दांत दोन ओळी लिही."

विद्यार्थी लिहितो, "दोन्हींत मागणी वाढलीच, सर." आता गाठ सापडली. भाव उतरल्यामुळे जास्त माल घेणे म्हणजे मागणीतील विस्तार. तिथे आपण त्याच मागणी वक्रावर खाली सरकतो. भाव तोच असताना दुसऱ्या कारणाने जास्त माल घेणे म्हणजे मागणीतील वृद्धी. तिथे सबंध वक्रच उजवीकडे सरकतो. बोलताना आपण दोन्हींना 'मागणी वाढली' म्हणतो, म्हणून चांगली चांगली मुले परीक्षेत इथे गुण गमावतात. प्राध्यापकाने हे पाच ओळींत लिहिले की काम झाले. तीच पाच ओळींची चिठ्ठी, विचारणाऱ्याचे नाव काढून, सगळ्या वर्गाला गेली की न विचारलेल्या आणखी कित्येकांचेही काम होते.

प्रशिक्षण द्यायचे ते हेच: शंका उलगडणारा प्रतिप्रश्न लिहिण्याचे आणि एकाला दिलेले उत्तर सर्वांच्या उपयोगाचे करण्याचे. बटणे कोणती दाबायची ते घरचा नातूही दाखवतो.

वेळ कुठून आणायचा?

प्राध्यापकांचा पहिला आक्षेप वेळेचा असतो, आणि तो खोटा नाही. साठ विद्यार्थी, प्रत्येकाला आठवड्यात एक उत्तर, प्रत्येक उत्तराला पाच मिनिटे धरली तर आठवड्याचे पाच तास झाले. दोन वर्ग असले तर दहा. हा हिशेब न मांडता जो प्रशिक्षक 'ई-मेलमुळे वेळ वाचतो' असे सांगतो त्याच्यावर कोणी विश्वास ठेवू नये. पहिल्या सत्रात वेळ वाचत नाही, जास्तच लागतो.

पण पाचाचे दोन तास करता येतात, आणि ते कसे करायचे हे शिकवता येते. आठवड्यातले दोन ठरावीक वार उत्तरांसाठी राखावेत आणि ते विद्यार्थ्यांना आधीच सांगावेत. मंगळवारी व शुक्रवारी उत्तर येते हे माहीत असले की मुलगा रात्री अकराला तीनदा आठवण करत नाही. पत्राच्या विषयाच्या जागी वर्ग, विषय आणि धडा लिहिण्याची सक्ती करावी, म्हणजे एका धड्याच्या शंका एकत्र वाचता येतात. एकत्र वाचल्या की दिसते, यातल्या बऱ्याचशा एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारतात. तिला एकच उत्तर लिहावे आणि ते जपून ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच धड्याला तीच शंका येणार आहे! दोन-तीन वर्षांनी अशा उत्तरांची वहीच तयार होते, आणि ती बाजारातल्या गाईडपेक्षा चांगली असते, कारण ती आपल्याच मुलांच्या चुकांवरून तयार झालेली असते.

प्राध्यापकांना आधी विद्यार्थी करावे

प्रशिक्षण एका दुपारचे नसावे. रोज अर्धा तास, पण तीन-चार आठवडे चालावे, आणि तेही शक्यतो ई-मेलवरूनच. प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी एक काम पाठवावे: "आपल्या विषयातील असा एक प्रश्न लिहा, ज्यावर मुले दरवर्षी अडखळतात." प्राध्यापक उत्तर पाठवतील आणि वाट पाहतील. दोन दिवस उत्तर आले नाही तर कसे वाटते, आणि नुसते 'ठीक आहे' एवढेच आले तर कसे वाटते, हे त्यांना स्वतः अनुभवू द्यावे. व्याख्यान देऊन ही गोष्ट पोहोचत नाही. दुसऱ्या आठवड्यात जोड्या लावाव्यात; इतिहासाच्या बाईंनी विद्यार्थी व्हावे, रसायनशास्त्राच्या सरांनी उत्तर द्यावे. तिसऱ्या आठवड्यात खऱ्या वर्गातील पाच-सात विद्यार्थी घ्यावेत. सबंध वर्ग त्यानंतर.

याच काळात एक लहान पण फार महत्त्वाची गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे 'सीसी' आणि 'बीसीसी' यांतला फरक. कचेरीत टंकलेखन यंत्रावर पत्र छापताना खाली काळा कार्बन कागद घालून दुसरी प्रत काढत. त्या प्रतीचे इंग्रजी नाव 'कार्बन कॉपी'. त्याचे लघुरूप सीसी. सीसीमध्ये ज्यांचे पत्ते घातले ते सगळ्यांना दिसतात. बीसीसीमध्ये घातलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत. साठ मुलांना एकच पत्र पाठवायचे तर पत्ते बीसीसीमध्ये हवेत. गुण कळवायचे असतील तर ज्याचे त्याला वेगळे पत्र हवे. नापास झालेल्या मुलाचे गुण एकोणसाठ जणांना कळणे ही तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. त्या मुलाला महाविद्यालयात यावेसे वाटत नाही. 'सर्वांना उत्तर' हे बटणही असेच जपून वापरायचे असते.

मराठीतून लिहायचे तर

आपल्याकडे ई-मेल म्हटले की प्राध्यापक इंग्रजीत लिहू लागतात. वर्गात ते हिंदीत शिकवतात, स्टाफरूममध्ये आपसांत मराठी बोलतात आणि पत्र मात्र अवघडलेल्या इंग्रजीत. याचे एक कारण पूर्वी खरे होते. मध्य प्रदेशात टंकलेखन शिकलेली सगळी मंडळी 'कृतीदेव' फॉन्टवर वाढली. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या आत खरी देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांना नुसते देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. 'भारत' हा शब्द आत 'एच, के, के, जे, आर' असा साठवलेला असतो. हा मजकूर ई-मेलने गेला आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटे गळून पडायचे आणि पडद्यावर अगम्य रोमन अक्षरे दिसायची. ज्यांनी हा अनुभव घेतला त्यांनी 'संगणकावर मराठी चालत नाही' अशी गाठ मनाशी बांधली, ती अनेकांची अजून सुटलेली नाही.

युनिकोडने हा प्रश्न मिटवला. त्यात 'भ' हा जगातल्या सगळ्या संगणकांवर 'भ'च असतो. देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच युनिकोडमध्ये आहे. घरोघरच्या संगणकांत ती सहज दिसू-उमटू लागायला पुढे बरीच वर्षे गेली. आज मोबाईलवर बोलूनही मराठी टंकित होते. तेव्हा प्रशिक्षणात एक दिवस केवळ टंकलेखनाला द्यावा आणि सर्व भारतीय भाषांना समान असणारा 'इनस्क्रिप्ट' कळफलक शिकवावा, असे मला वाटते. तो हिंदीलाही चालतो, म्हणजे आपल्याकडच्या प्राध्यापकांची मेहनत दुहेरी कामी येते. मराठीपुरती एकच गोष्ट वेगळी शिकावी लागते. 'ऱ्हास', 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला डोक्यावर न चढणारा र. त्यासाठी 'ऱ' हे नुक्त्याचे अक्षर, हलन्त आणि पुढचे व्यंजन अशा क्रमाने कळा दाबायच्या. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्र इतके अंतर आहे! वर अर्थशास्त्राचे उदाहरण दिले, त्यातल्या मागणीच्या 'वृद्धी'च्या विरुद्ध शब्द मराठीत 'ऱ्हास' हाच आहे. म्हणजे अर्थशास्त्राच्या सरांचीही यातून सुटका नाही.

शिकवून गेलेल्या माणसाच्या मागे कोण उरते?

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था आपल्या देशात नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातही असे केंद्र आहे. २०१५ मध्ये या केंद्रांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. अनेक वर्षे तेथे चार आठवड्यांचे उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचे उजळणी वर्ग चालत. त्यांचा पदोन्नतीशी संबंध असल्यामुळे उपस्थिती भरपूर असे. अडचण एकच. एका महाविद्यालयातून एक-दोघे जातात, शिकून येतात आणि परतल्यावर त्यांना अडले तर विचारायला इमारतीत कोणी नसते.

या बाबतीत मुंबईच्या आयआयटीने केलेला प्रयोग विश्वस्तांनी समजून घेण्यासारखा आहे. केंद्र सरकारचे माहिती-संचार तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय शिक्षण अभियान २००९ मध्ये सुरू झाले. त्याखाली प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने मुख्यतः अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. त्याची रचना अशी, की देशभरातील महाविद्यालयांत केंद्रे नेमली. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी आयआयटीत येऊन तयार झाला. मग मुख्य कार्यशाळा इंटरनेटवरून एकाच वेळी सगळ्या केंद्रांत झाली. व्याख्यान पवईहून, आणि शंका निरसायला आपल्याच केंद्रातला माणूस शेजारी. पडद्यावरचे व्याख्यान संपले तरी तो समन्वयक तिथेच राहिला. मला यातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

एखाद्या छोट्या संस्थेला आयआयटीएवढे काही करावे लागत नाही. ज्याला लिहिण्याची हौस आहे असा एक प्राध्यापक निवडावा. तो संगणकाचाच असावा असे नाही. भाषेचा असला तर उत्तम. त्याचे आठवड्याचे दोन तास कमी करावेत आणि ते तास इतरांना मदत करण्यासाठी वेळापत्रकात लिहून द्यावेत. 'जमेल तेव्हा बघा' असे तोंडी सांगितले की कोणालाच जमत नाही. शाळेतील शिक्षकांसाठी तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला किमान पन्नास तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण अपेक्षित धरले आहे. त्यातले दहा-बारा तास या कामाला सहज देता येतील.

आणखी एक खर्च टाळू नये: संस्थेच्या नावाचे ई-मेल पत्ते. बहुतेक प्राध्यापक स्वतःच्या खासगी खात्यातून विद्यार्थ्यांना लिहितात. ते निवृत्त झाले की वर्षानुवर्षांची उत्तरे त्यांच्याबरोबर घरी जातात. शिवाय एखादा ठग सरांच्या नावाचे खोटे खाते काढून मुलांकडे पैसे किंवा पासवर्ड मागतो, तेव्हा खरे-खोटे ओळखायला खूण उरत नाही. शिक्षणसंस्थांच्या पत्त्याच्या शेवटी येणारे 'एसी डॉट इन' हे नाव देण्याचे काम अर्नेटच करते, ज्या अर्नेटपासून आपण सुरुवात केली तेच. पात्र शिक्षणसंस्थांना गूगलसारख्या कंपन्यांची मूलभूत ई-मेल सेवा विनामूल्य मिळते. खर्च असतो तो मुख्यतः नावाच्या वार्षिक शुल्काचा आणि हे सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेचा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वाट्याचे काम थोडे आहे. सरांना पत्र लिहाल तेव्हा विषयाच्या जागी 'नमस्कार' लिहू नका, धड्याचे नाव लिहा. मायना घाला. आपण कुठपर्यंत समजलो आणि कुठे अडलो ते दोन-तीन वाक्यांत लिहा. गणित असेल तर वहीच्या पानाचा स्वच्छ फोटो जोडा, पण केलेल्या पायऱ्यांसकट. फाईलला 'नवीन १' असे नाव ठेवू नका, आपले आडनाव आणि विषय घाला. पत्राखाली पूर्ण नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहा. शंभरांच्या वर्गात नुसत्या 'आपला, अमित'वरून सरांना कोणता अमित ते कळणार नाही.